बाटलीतलं आलं

आमच्याकडं सोड्याला कुणी कधी पेय म्हटलं नाही. सोडा म्हणजे औषध. लग्नातलं जेवण अंगावर आलं, पोट तटतटलं, करपट ढेकर यायला लागले, की घरातलं थोरलं माणूस सांगायचं, "जा, ष्टँडावनं एक सोडा पिऊन ये." सोडा प्यायचा, एक मोठा ढेकर द्यायचा आणि मोकळं व्हायचं. तहान लागली म्हणून पैसे देऊन काही प्यावं, हा विचारच त्या काळी गावात कुणाच्या मनात येत नव्हता. तहानेला विहीर होती, फार तर ताक होतं.

आल्याचंही तसंच. कोरेगाव तालुक्यात आमच्या शिवारात आलं पिकायचं, पण घरात ते लागायचं किती? चहात ठेचून एक तुकडा, मटणाच्या वाटणात एक बोट, आणि पोराला खोकला झाला की रस काढून मधातून. बाकी सगळं पोत्यात भरून बाहेर जायचं. सोडा आणि आलं ही दोन औषधं एकाच बाटलीत भेटतात, हे आम्हाला बाजारच्या गावी गेल्यावर कळलं. तिथं 'जिंजर' मिळायचा.

बाजाराच्या गावी एसटी स्टँडच्या मागं सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक पाण्याची टाकी, पुण्याहून आलेला गॅसचा सिलिंडर आणि हातानं फिरवायचं यंत्र. यंत्राच्या लोखंडी पाळण्यात बाटल्या अडकवायच्या, झाकण लावायचं आणि दांडा गरागरा फिरवायचा. बाटल्या खालवर होत, पाण्यात गॅस मुरे. मधूनच एखादी बाटली आतल्या आत फुटायची, तेव्हा बंदुकीचा बार झाल्यागत आवाज यायचा. कारखान्याचे मालक आमच्या आईच्या माहेराकडचे, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या मनगटावर काचेचे दोन जुने वण होते.

बाटली जाड, हिरवट काचेची, मानेपाशी चेपलेली. त्या मानेत काचेची गोटी. बाटली उलटी झाली की गोटी तोंडाकडं येते, आतल्या गॅसचा दाब तिला रबराच्या कड्यावर घट्ट दाबून धरतो आणि बाटली आपल्या आपण बंद होते. बूच नको, पत्र्याचं झाकण नको. फोडताना लाकडी दट्ट्यानं गोटी आत ढकलायची, फस्स करून आवाज येतो. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत खळगा केलेला असतो, ती तिथं अडकून बसते. आम्हा पोरांचा डोळा त्या गोटीवर असायचा. पण बाटली परत द्यायला लागायची, आणि मामा बाटल्या मोजून घ्यायचे.

ही बाटली आपल्याकडचीच, असं मी कैक वर्षं धरून चाललो होतो. ती काढली हायरम कॉड नावाच्या एका इंग्रज माणसानं, १८७२ साली. विलायतेत पत्र्याची झाकणं आल्यावर ती मागं पडली, आणि आपल्याकडं शंभर वर्षं टिकली. पाण्यात गॅस घालायची युक्ती त्याच्याही आधीची. जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञानं १७६७ साली लीड्स गावातल्या बिअरच्या भट्टीत, आंबणाऱ्या पिंपाच्या वर पाणी धरून ते फसफसतं केलं. पुढं १७८३ मध्ये जिनिव्हाच्या याकोब श्वेपनं त्याचा धंदा उभा केला. साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा सोडा त्याच्या मागोमाग आला, आणि साहेबासाठी सोडा भरणारे हात इथल्या पारशी-इराण्यांचे होते. पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर यांचा सोडा १८८४ पासूनचा. मुंबईत दिनशॉजी पंडोल या क्रिकेट खेळणाऱ्या पारशी गृहस्थांनी १८८९ साली कारखाना काढला आणि विलायती चेंडूवरचं 'ड्यूक' हे नाव त्याला दिलं. त्या शहरी कारखान्यांची धाकटी भावंडं मग तालुक्या-तालुक्याला झाली. आमच्या मामांचा कारखाना त्यातलाच.

मामांकडं तीन प्रकार होते. साधा, लेमन आणि जिंजर. जिंजर सगळ्यात महाग, कारण तो रंगानं तांबूस आणि नावानं इंग्रजी. पाव्हणा आला तरच जिंजर. एकदा वडिलांबरोबर आल्याची पोती घेऊन आम्ही बाजारात गेलो होतो. वडिलांनी मामांना सहज विचारलं, "का हो, तुमच्या जिंजरला आमचं आलं घेता का न्हाई?"

मामा हसले आणि फळीवरची बोटभर बाटली काढून दाखवली. इसेन्स. रंगासाठी जाळलेली साखर, गोडीला थोडा पाक आणि बाकी सॅकरिन, कारण साखर तेव्हा रेशनवर. "खरं आलं घातलं तर तळाला गाळ बसतो, आन् दोन-तीन दिसांत आंबतं. मग गोटीच उडायची भाऊ," ते म्हणाले.

म्हणजे आल्याच्या शिवारापासून चार कोसांवर जिंजर तयार होत होता आणि त्यात आलं नव्हतं.

मामा आंबण्याविषयी बोलले ते खोटं नव्हतं. विलायतेतला मूळ जिंजर मुद्दाम आंबवलेलाच असायचा. आलं, साखर, पाणी आणि विरजण. त्याला जिंजर बिअर म्हणत. ते विरजण घरोघर एकमेकांना देत, जसं आपल्याकडं दह्याचं विरजण शेजारी मागतात. त्या विरजणात काय असतं हे १८९२ साली हॅरी मार्शल वॉर्ड यांनी शोधलं. हे तेच वॉर्ड, ज्यांनी आधी सिलोनला जाऊन कॉफीवरच्या तांबेऱ्याचा अभ्यास केला होता. त्यांनी दाखवलं की ते विरजण म्हणजे यीस्ट आणि एक जिवाणू, दोघांनी मिळून मांडलेला संसार आहे. न आंबवता, नुसता गॅस भरून केलेला स्वच्छ दिसणारा प्रकार तो जिंजर एल. कॅनडात १९०४ साली जॉन मॅक्लॉफलिन यांनी त्याचा फिका, कमी गोड अवतार काढला आणि अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा तो तुफान खपला. या सगळ्या बाटल्यांना लागणारी सुंठ जायची जमैकातून आणि आपल्या मलबार किनाऱ्यावरून. 'जिंजर' हा शब्दही इथूनच गेला. संस्कृतात शृंगवेर, तमिळ-मल्याळममध्ये इंजी, त्याच घराण्यातला शब्द ग्रीक-लॅटिन करत विलायतेला पोचला. तिथून बाटलीवर बसून परत आला, तेव्हा त्याच्या पोटातलं आलं गेलेलं होतं.

आल्याच्या शेतीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अक्षय तृतीयेच्या सुमाराला गादीवाफ्यावर बेणं लावायचं. पावसाळाभर जीव मुठीत धरायचा, कारण पाणी साचलं की कंद कुजतो. पाला पिवळा पडला की समजायचं, खाली घोटाळा झाला. आठ-नऊ महिन्यांनी खणून काढायचं, माती धुवायची, पोती भरायची. आमच्या भागात आल्याचा दर किलोवर बोलत नाहीत, गाडीवर बोलतात. एक गाडी म्हणजे ५०० किलो. गाडीचा दर एखाद्या वर्षी असा चढतो की माणूस घर बांधतो, आणि दुसऱ्या वर्षी असा पडतो की खणायची मजुरी निघत नाही. सुंठ करावी म्हटलं, तर पाच किलो ओल्या आल्याची जेमतेम एक किलो होते, आणि ती वाळवायला जागा, ऊन आणि माणसं लागतात.

कोला आमच्या गावात आला तो राजकारणाच्या वाटेनं. १९७७ साली मी दहावीला होतो. जनता सरकार आलं. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणं परदेशी कंपन्यांनी आपली मालकी चाळीस टक्क्यांवर आणावी, असा आग्रह उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला. कोका-कोलानं हिश्श्यापेक्षा आणि गुपित सांगण्यापेक्षा देश सोडणं पसंत केलं. आम्ही तो प्यायलाच नव्हतो, त्यामुळं तो गेल्याचं दुःख झालं नाही. पण त्याची जागा घ्यायला जी धावपळ झाली ती दिसली. सरकारच्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीजनं 'डबल सेव्हन' काढला. पार्ले कंपनीनं थम्स अप काढला. कॅम्पा कोला आला. स्टँडवरच्या हॉटेलात लाकडी खोकी दिसायला लागली. लग्नात वरमायांना जिंजरऐवजी थम्स अप द्यायची रीत पडली. जुनी माणसं पहिला घोट घेऊन तोंड वेडंवाकडं करत, "काढा हाय का काय ह्यो?"

त्यांचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. अटलांटा शहरातल्या जॉन पेंबरटन या औषधवाल्यानं १८८६ साली कोका-कोला काढला तो डोक्याला तरतरी आणणारं टॉनिक म्हणूनच. पेप्सीचा जनक केलेब ब्रॅडहॅम हाही औषधवालाच. कोला हे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या एका बियांचं. तिथली माणसं ते बी पाहुण्यापुढं ठेवतात, आपण सुपारी ठेवतो तसं. म्हणजे सोडा, आलं आणि कोला, तिन्ही औषधाच्याच घरातली. पुढं तिन्हींनी आपापलं घर सोडलं.

१९९३ ला कोका-कोला परत आला आणि थम्स अपसकट पार्लेची पेयं त्यानंच विकत घेतली. पुढच्याच वर्षी ड्यूक पेप्सीकडं गेलं. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. त्या परत द्यायच्या नव्हत्या. मामांचा धंदा एवढ्या एका गोष्टीनं बसला. चवीत मामा टिकले असते, पण परत मागायच्या बाटलीची कटकट गिऱ्हाईकाला नको झाली. कारखान्यावर एक बाटल्या धुणारी बाई, एक दांडा फिरवणारा गडी आणि सायकलवरून खोकी पोचवणारं पोरगं, एवढी माणसं जगत होती. ती पांगली. मामांचं यंत्र भंगारात गेलं, तेव्हा त्यांच्या मुलानं पाळण्याचं लोखंड तेवढं ठेवून घेतलं, शेळीला बांधायला.

आता चाखायची गोष्ट. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. गेल्या माघात तो घरी आला तो बाटल्या घेऊनच. काचेच्या, देखण्या, वर छापलेलं की थोड्या थोड्या मापानं केलेलं, खरी उसाची साखर, खरं आलं. एक जिंजर एल, एक जिंजर बिअर आणि एक कोला. चौथी त्यानं वाटेत हायवेवरच्या गाड्यावरून घेतली होती, हौसेसाठी आता पुन्हा निघालेला गोटी सोडा, जिंजर चवीचा. "तात्या, आण्णांना सांगू नका कुठली काय ते. नुसतं चाखू दे," तो म्हणाला.

ओसरीवर आम्ही पाच जण बसलो. आण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, वहिनी, पुतण्या, मी आणि शेजारचे बापू. स्टीलच्या पेल्यात चार-चार घोट. मधे तोंड धुवायला माठातलं पाणी.

गोटी सोडा आधी. वास दांडगा आला, पेला तोंडाशी न्यायच्या आधीच. तोंडात मात्र गोडी आणि गॅस, मागं काही नाही. बापू खूश झाले, "हाच आपला जिंजर!" खरंच तो तोच होता. पन्नास वर्षांत त्यात आलं आलं नव्हतं.

मग जिंजर एल. फिका, पाण्यासारखा. जिभेवर लिंबाचा गोडवा, आणि गिळल्यावर घशात हलकी ऊब. आण्णा म्हणाले, "आलं येऊन गेलं वाटतं दारावरनं."

जिंजर बिअर गढूळ होती, तळाला पांढुरका गाळ. पुतण्यानं बाटली हलक्या हातानं उलटी-सुलटी केली आणि ओतली. पहिल्या घोटाला काही नाही. दुसऱ्याला घसा पेटला, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बापूंना ठसका लागला. आण्णा गप्प. त्यांनी पेला पुन्हा पुढं केला. वहिनींनी जिभेवर घोट धरून ठेवला आणि म्हणाल्या, "ही सुंठ हाय. ओलं आलं न्हवं."

पुतण्यानं बाटलीवरचे बारीक शब्द वाचले. सुंठीचा अर्क. वहिनींना शाळा चौथीपर्यंतची, पण जिभेनं त्यांनी जे ओळखलं ते रसायनातही तसंच आहे. ओल्या आल्याचा तिखटपणा ज्याच्यामुळं, तो जिंजेरॉल. आलं वाळलं की त्याचा शोगाओल होतो, आणि तो जास्त तिखट. ओलं आलं जिभेच्या शेंड्यावर चावतं आणि त्याला लिंबागत वास असतो. सुंठ घशात आणि छातीत उतरते. वहिनी बाळंतिणीसाठी सुंठीचे लाडू करतात, त्यांना हे कुणी शिकवायला नको.

शेवटी कोला. नेहमीच्या कोल्यापेक्षा गोडी कमी, कडवटपणा जास्त. वहिनींनी दालचिनी ओळखली, आण्णांनी लिंबाची साल. मला जायफळाचा भास झाला. बापू म्हणाले, "समदा मसाला हाय ह्यात, फकस्त मटण टाकायचं ऱ्हायलंय." सगळे हसले.

मग वहिनी उठल्या. परड्यातल्या पोत्यातलं आलं काढलं, किसलं, पिळलं. साखरेचा घट्ट पाक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, आणि वर साधा सोडा. त्याला शेतातल्या मातीचा ओला वास होता. जिंजर बिअरइतका तिखट नाही, एलइतका फिका नाही. आण्णांनी आयुष्यभर आलं पिकवलं, पण आपलं आलं गॅसच्या पाण्यात त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा प्यालं. त्यांनी मिशी पुसली आणि विचारलं, "ह्या बाटलीचं किती दिलंस?"

"ऐंशी रुपये. दोनशे मिलिलिटर."

त्या आठवड्यात आमच्याकडं गाडीला दहा हजार बोलत होते. म्हणजे किलोला वीस रुपये. आण्णांनी हिशेब तोंडीच केला, "चार किलो आलं दिलं की एक बाटली."

पुतण्या म्हणाला, "पण आण्णा, ह्यात खरं आलं घालतात. मागणी वाढली तर आपलाच फायदा."

वहिनींनी पेल्याला किती आलं घातलं, ते मी विचारलं. अंगठ्याएवढा तुकडा, दहा ग्रॅम धरा. दहा ग्रॅम आल्याचे वीस पैसे होतात. ऐंशी रुपयांच्या बाटलीत, जिच्यावर आल्याचंच नाव आहे, एवढं घातलं तरी शेतकऱ्याच्या वाट्याला वीस पैसे. दुप्पट घातलं तर चाळीस. बाकीचे काचेचे, गॅसचे, साखरेचे, गाडीभाड्याचे, कराचे, दुकानाच्या थंडगार कपाटाचे आणि त्या देखण्या कागदाचे. हा सगळा खर्च खरा आहे, त्यात कुणी चोर आहे असं मी म्हणत नाही. पण मामांच्या जिंजरात आलं नव्हतं, तरी बाटल्या धुणारी बाई, गडी आणि सायकलवरचं पोरगं त्या पैशावर तालुक्यातच जेवत होतं. आज बाटलीत आलं आहे, आणि आल्याच्या गावात त्यातले वीस पैसे थांबतात. चव सुधारली हे कबूलच. शहरातल्या माणसाला खरं आलं प्यायला मिळतं, ही चांगली गोष्ट आहे. त्यानं आलं पिकवणाऱ्याचं घर चालेल, असं मात्र कुणी समजू नये.

आण्णांपुढं त्या वर्षी सवाल वेगळाच होता. आधीच्या पावसात निम्मा प्लॉट कुजला होता, उरलेल्याला हा दर. बेण्याचं, शेणखताचं, मजुरीचं देणं अंगावर. अक्षय तृतीयेला पुन्हा आलं लावायचं का नाही, यावर घरात रोज बोलणं व्हायचं आणि रोज अर्ध्यावर थांबायचं.

चैत्रात गावची जत्रा आली. पुतण्यानं रजा काढली. तालुक्यात साधा सोडा भरणारा एक कारखाना अजून तगून आहे, तिथनं सोडा आणला. वहिनींनी दोन दिवस आलं किसून पाक केला. आंबू नये म्हणून तो रोज ताजा, आणि बर्फात. देवळाच्या उताराला टेबल मांडलं. पेल्याला वीस रुपये. पहिल्या दिवशी पोरंच आली. दुसऱ्या दिवशी मटणाच्या जेवणानंतर म्हातारी माणसं आली, कारण त्यांना पोटाला औषध पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी दुपारीच पाक संपला.

हिशेब आण्णांनी त्यांच्या डायरीत लिहिला, तो मी पाहिला आहे. पेले ५५०. आलं साडेपाच किलो. जमा ११,०००. सोडा, बर्फ, साखर, लिंबू, कागदी पेले आणि जागेची पावती मिळून खर्च ६,०००. शिल्लक ५,०००. म्हणजे साडेपाच किलो आल्यानं अर्ध्या गाडीचे, अडीचशे किलोचे पैसे दिले. त्यात वहिनींची आणि पोराची मजुरी धरलेली नाही. ती आमच्याकडं धरत नाहीत, म्हणून सांगितलं.

पुतण्या त्या रात्री फार उत्साहात होता. छोटं यंत्र घ्यावं, बाटल्या कराव्यात, मामांच्या मुलाला बरोबर घ्यावं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. डायरी मिटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "साडेपाच किलो गेलं, बरं झालं. परड्यात आजून तीन गाड्या हायत. त्यांचं सांग."

यंदा त्यांनी एकराऐवजी वीस गुंठेच आलं लावलं. उरलेल्या वीस गुंठ्यांत घेवडा आहे.